राउटरांचं बारसं

सुभेदार नाथाजी मांढरे यांनी दूध संघाच्या राउटरांना नावं द्यायचं मनावर घेतलं, तेव्हा त्यांचा हेतू अगदी शुद्ध होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे मधे मधे वाचणाऱ्याला शंका येण्याचा संभव आहे.

संघाचं पूर्ण नाव लेटरहेडवर अडीच ओळी खातं, म्हणून कराडात सगळे नुसतं 'संघ' म्हणतात. संघाची सात केंद्रं, कराड धरून. साताऱ्यापासून सांगलीच्या पलीकडे समडोळीपर्यंत ती पसरलेली. केंद्रावर दूध मोजलं, फॅट लागलं, की तो आकडा कराडच्या मोठ्या संगणकात जातो, आणि तिथून होकार आला की दूध घालणाऱ्याच्या हातात चिठ्ठी पडते. आकड्याला ही जायची-यायची वाट दाखवणारा जो डबा असतो त्याला राउटर म्हणतात. असे सात डबे. हे डबे दर दहा सेकंदांनी शेजारच्या डब्याला हाक मारतात. तीस सेकंद ओ आली नाही की शेजारी गेला असं धरून चालतात आणि दुसरी वाट शोधतात. माणसांच्या शेजारापेक्षा हा शेजार बरा, कारण इथे कोणी कोणाकडे विरजण मागत नाही.

दसऱ्यापासून या शेजारात काहीतरी बिनसलं होतं. रोज सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी दिवेलागणीला, म्हणजे नेमक्या दुधाच्या गर्दीत, चिठ्ठ्या थांबायच्या. कुठे पाच मिनिटं, कुठे दहा. औंधला तर पंधरा. तिथे दीडशे बाया किटल्या घेऊन रांगेत उभ्या, घरी पोरांच्या शाळेची वेळ झालेली, आणि केंद्र सांभाळणाऱ्या रंगूबाई कराडला फोन लावून विचारणार, "आमचं दूध नासल्यावर चिठ्ठी दिऊन काय उपेग?"

या फोनवर उत्तर देण्याची जबाबदारी सुभेदारांची. फौजेत अठ्ठावीस वर्षं सिग्नलमध्ये काढलेला माणूस. बर्फात तारा ओढल्या, वाळवंटात ओढल्या. निवृत्तीनंतर संघानं त्यांना वर्षावर्षाच्या करारावर नेटवर्कचे प्रमुख नेमलं. त्यांच्या हाताखाली कोणी नव्हतं, पण पाटीवर प्रमुख असंच होतं. रोज पहाटे कडक इस्त्रीच्या शर्टात ते हजर. मुख्य राउटर ज्या खोलीत होता ती एरवी बादल्यांची खोली, पण सुभेदारांनी तिची कंट्रोल रूम केली होती. भिंतीवर औंधच्या यमाईचा फोटो, खाली विजेचा लहानसा दिवा. सकाळी साडेसहाला दिवा लावायचा, हात जोडायचे, मग फाटकाबाहेर जाऊन चहा. सकाळचा विझवून संध्याकाळी पुन्हा तेच. अठ्ठावीस वर्षांत चहाची वेळ चुकली नव्हती, ती आता कशाला चुकेल.

सुभेदारांचं ठाम मत होतं, की कुठल्यातरी केंद्रात कोणीतरी राउटरची पिन काढून तिथे मिक्सर लावतंय, आणि एक शेजारी पडला की बाकीच्यांची दाणादाण होते. पुरावा मात्र मिळत नव्हता. कारण डबे एकमेकांना नंबरानं ओळखत. नंबर वीस-वीस आकडी. यादी काढली की सात नंबर दिसत, आणि ते सगळे एकाच आईची लेकरं असल्यासारखे. त्यातला समडोळी कुठला आणि सातारा कुठला, हे वही उघडून एक एक आकडा बोटानं जुळवल्याशिवाय कळायचं नाही.

त्यांचे शेजारी वीरधवल, वीज मंडळातले निवृत्त वायरमन. त्यांनी कुंपणावरून सल्ला दिला, "सुभेदार, आधी बोर्ड बदला. ज्या बोर्डात डबा लावलाय त्यो बोर्ड."

आता वीरधवल कशावरही हेच सांगत. फ्रिज गार करत नाही, बोर्ड बदला. सुनेचं डोकं दुखतंय, बोर्ड बदला. त्यामुळे सुभेदारांनी "बगू" म्हटलं आणि विषय संपवला.

चेअरमन भाऊसोंपुढे त्यांनी योजना मांडली. दोन कामं. एक, प्रत्येक राउटरला नाव द्यायचं, म्हणजे यादीत नंबराच्या जागी नाव दिसेल. दोन, कोणता शेजारी कधी गेला आणि कधी आला याची नोंद राउटरनं स्वतः ठेवायची, असा हुकूम त्याला द्यायचा.

"किती दिवसाचं काम हाय?" भाऊसोंनी विचारलं.

"दोन वळींचं हाय, सायेब. टाइप करायला धा मिनिटं."

"आन् त्यानं हुईल काय?"

"नंबराला लाज नसती, सायेब," सुभेदार म्हणाले. "फौजेत मला बी नंबर हुता. पर चूक झाली की सायेब नावानंच हाक मारायचा. नाव पुकारलं की मान खाली जाती. ज्याच्या केंद्राची चूक निघंल, त्यानं सभेत हुबं ऱ्हाऊन माफी मागायची. मग त्यो कुणी बी असू द्या."

हे वाक्य भाऊसोंना इतकं आवडलं की त्यांनी ते ठरावात जसंच्या तसं घातलं. वर स्वतःची एक ओळ जोडली: असं केंद्र बंद करून शेजारच्या गावाच्या केंद्रात विलीन करावं. लेखनिक भाग्यश्री मगदूम यांनी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. दहा मिनिटांच्या कामाला इथून पुढे सात आठवडे लागले.

पहिली अडचण नावांची. सुभेदारांच्या मनात साधं होतं, गावाचं नाव तेच राउटरचं नाव. पण ठराव केंद्रांना गेला आणि त्यात 'नावे सुचवावीत' असा एक उपचाराचा शब्द होता. लोकांनी उपचार खरा धरला. एका केंद्रानं जागा देणाऱ्याच्या वडिलांचं नाव सुचवलं, तर त्यांच्या भावकीनं चुलत्याचं. सातारा केंद्रात तीन माजी सैनिक, तिघांच्या तीन पलटणी, त्यामुळे तिथून तीन नावं आणि एकमेकांविरुद्ध तीन तक्रारी आल्या. रंगूबाईंनी 'यमाई' लिहून पाठवलं. समडोळीच्या पद्मावती चौगुले यांनी 'सन्मती' सुचवलं. या बाई बीएस्सी झालेल्या, हाती आलेला कागद मागच्या बाजूनंही वाचून बघणाऱ्या. भाऊसोंनी स्वतः काही सुचवलं नाही, पण मुख्य राउटरला काय नाव देणार हे दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा खाली मान घालून हसले.

सुभेदारांनी परिपत्रक काढलं की नाव इंग्रजी अक्षरात, मधे जागा न सोडता आणि आटोपशीर हवं. देव, पूर्वज आणि पदाधिकारी चालणार नाहीत. गावाचं नावच ठरलं, तशी मानापानाची भानगड निघाली. अक्षरक्रमानं औंध पहिलं येत होतं. साताऱ्याचं म्हणणं, जिल्ह्याचं ठिकाण पाचव्या नंबरावर शोभत नाही. यादीचा क्रम राउटर आपल्या मनानं लावतो, माणसाच्या हातात नसतो, हे सुभेदारांनी पत्रानं कळवलं. त्यावर उत्तर आलं की मग तो राउटर कोणाच्या सांगण्यावरून चालतो ते लेखी द्यावं. हरकतींसाठी पंधरा दिवस गेले. हरकतींवरच्या हरकतींसाठी आणखी आठ. विजेला झटका बसला तरी राउटर चालू ठेवणारी खोलीतली बॅटरी आठ महिन्यांपूर्वी दुरुस्तीला गेली होती, ती परत आणायच्या अर्जावर मात्र या काळात कोणाची सही झाली नाही. सगळे नावांत गुंतलेले होते.

शेवटी भाऊसोंनी तोडगा काढला. नामकरणाचा सोहळा करायचा, म्हणजे कोणाचा मान राहून गेला असं होणार नाही. सुभेदारांना हे रुचलं नव्हतं. पण मंडप लागला. फ्लेक्स लागला, त्यावर भाऊसोंचा मोठा फोटो आणि राउटरचा छोटा. चालू राउटर काढता येत नाही म्हटल्यावर रिकामं खोकं आणलं, त्याला कुंकू लावलं. भाग्यश्रीबाईंच्या ओळखीनं पाळणा मिळाला. सात गावांच्या सात बायांनी खोकं पाळण्यात घालून नाव घेतलं आणि आपापल्या गावाचं नाव त्याच्या कानात सांगितलं. खोक्याला कान कुठे, यावरही थोडी चर्चा झाली. घुगऱ्या वाटल्या. अठ्ठावीस वर्षं वर्दीत काढलेला माणूस पाळण्याची दोरी धरून उभा होता आणि फोटोत तो अगदी बाळाच्या आजोबासारखा आला. तो फोटो त्यांच्या जुन्या पलटणीच्या ग्रुपवर कोणी टाकला हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

या सोहळ्यातून एकच उपयोगाची गोष्ट झाली. पाळण्याला पहिला हात कोणाचा, यावरून औंधच्या रंगूबाई आणि समडोळीच्या पद्मावती कडाडून भांडल्या आणि जेवणाच्या पंगतीत शेजारी बसून मैत्रिणी झाल्या.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी कराडात बसून साती डब्यांना नावं दिली आणि शेजाऱ्यांची नोंद सुरू केली. खरोखरच दहा मिनिटं लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या थांबल्या. सुभेदार चहा अर्धा टाकून धावत आले. संगणकावर कराडच्या राउटरची नोंद स्वच्छ अक्षरात उभी होती. सातारा आला. समडोळी आली. मग बाकीची तिन्ही आली. सगळ्यांत शेवटी, चांगल्या दहा मिनिटांनी, औंध आलं.

संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. पंधरा दिवसांत तीस नोंदी त्यांनी कागदावर उतरवल्या, आणि तिसांतही औंध शेवटी.

नोंदीवरची तारीख मात्र दर वेळी एकोणीसशे त्र्याण्णवची पडे. त्या तारखेला सुभेदार राजस्थानात शिपाई होते. त्यांनी नोंदीखाली शेरा मारला, 'यंत्राचे घड्याळ बिघडले आहे, दुर्लक्ष करावे,' आणि स्वतः दुर्लक्ष केलं. त्यांच्या हिशेबानं मामला उघड होता. परेडला जो शेवटी येतो तोच गोंधळ घालणारा. त्यांना यापेक्षा वेगळा नियम कधी कोणी शिकवला नव्हता. त्यांनी अहवाल लिहिला: दोषी केंद्र, औंध.

अहवाल लिहिताना त्यांचा हात थोडा थांबला हे खरं. कारण रंगूबाई म्हणजे त्यांच्या बायकोची, राहीबाईंची, थोरली बहीण. राहीबाईंना अहवाल कळला तेव्हा त्या चिडल्या नाहीत की रडल्या नाहीत. ताट वाढून पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "औंधचं केंद्र बंद झालं तर बायास्नी किटली डोईवर घिऊन दोन कोस जावं लागंल. पहाटंचं. अक्काचं सोडा. त्या बायांचं बगा."

"ड्यूटी हाय," सुभेदार म्हणाले.

"हाय की. भाकरी बी हाय. घ्या."

त्या दिवसापासून घरात बोलणं एवढ्यावरच राहिलं. सुभेदारांना रात्री झोप लागेना, पण कर्तव्यदक्ष माणसाला झोप लागत नाहीच, अशी त्यांनी समजूत घातली. खरं तर त्यांना वाईट वाटत होतं. फार वाईट वाटत होतं, आणि ते सांगायला घरात कोणी उरलं नव्हतं.

विशेष सभा कराडच्या कार्यालयात सकाळी अकराला भरली. भाऊसो मधे, सुभेदार उजवीकडे, समोर सात केंद्रांची माणसं. अहवाल वाचून झाला. ठराव पुन्हा वाचून झाला, 'मग त्यो कुणी बी असू द्या' या शब्दांसकट. सगळे रंगूबाईंकडे बघू लागले. त्या उठल्या. डोक्यावरचा पदर नीट केला.

"दाजी, माफी मागायला माझी ना न्हाई. पर एक इचारू?"

"इचारा, अक्का."

"तुमच्या कागदात हे आलं, ते आलं, समदी आली म्हणून लिवलंय. व्हय?"

"व्हय."

"मग ती गेली कवा? जाण्याची नोंद कुठाय? आमच्यात पाव्हणा दारात आला तर आधी कुठं तरी गेल्याला असतोय."

सभेत कोणी हसलं, पण अर्ध्यातच थांबलं. सुभेदारांनी कागद उलटला. पुन्हा सुलटा केला. तीस नोंदी. येणारे सगळे होते, जाणारा एकही नव्हता. पंधरा दिवस ते हा कागद उशाला घेऊन झोपत होते.

आता पद्मावती उठल्या. त्यांच्या हातात एक जाड गठ्ठा होता. "सुभेदार, तुमी नोंद साती डब्यांवर चालू केलासा. पर वाचलासा फकस्त कराडची. मी माज्या डब्याची काढली. मग रंगूअक्कांची मागवून घेतली, साताऱ्याची बी. वाचू?"

भाऊसोंनी मान हलवली.

"समडोळी. सकाळी सहा एकतीस, कराड गेलं. सहा सदतीस, कराड आलं. सातारा. सहा एकतीस, कराड गेलं. औंध. सहा एकतीस, कराड गेलं. औंधची वाट डोंगरावरनं रेडिओनं हाय, ती जुळायला येळ लागतोय, म्हणून ते शेवटी येतंय. पंधरा दिस हेच हाय. आमच्यापैकी कुणीच गेल्यालं न्हाई. तुमचा डबा बंद पडून नव्यानं उठतोय. उठला की आधीचं समदं इसरतोय, घड्याळसुद्दा. म्हणून तुमास्नी फकस्त येणारं दिसतंय."

पूर्वीचे नंबर असते तर त्या गठ्ठ्यात काय लिहिलंय हे कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण आता पानापानावर स्वच्छ 'कराड' होतं. नाव सुभेदारांनीच दिलं होतं.

"सहा एकतीसला हितं काय हुतंय?" भाऊसोंनी विचारलं.

"काय न्हाई, सायेब. मी एकटाच असतोय. दिवा लावतो, नमस्कार करतो, च्याला जातो."

"चला. लावून दाखवा."

सगळी सभा उठून बादल्यांच्या खोलीत आणि मावली नाही ती दारात उभी राहिली. सुभेदार यमाईच्या फोटोपुढे गेले. दसऱ्याला बसवलेल्या त्या दिव्याची वायर खालच्या बोर्डात होती, आणि त्याच बोर्डात, शेजारच्याच भोकांत, मुख्य राउटरची. त्यांनी बटण दाबलं. बोर्डानं चर्र केलं, दिवा लुकलुकून लागला, आणि राउटरवरचे हिरवे ठिपके एकदम मालवले. मग एक लाल ठिपका लागून डबा घुरघुरत पुन्हा सुरू होऊ लागला. रोज हे होईपर्यंत सुभेदार फाटकाबाहेर असत.

अर्ध्या मिनिटात पद्मावतींचा फोन वाजला. समडोळीहून त्यांचे यजमान बोलत होते. "व्हय व्हय, गेलंय," त्या म्हणाल्या. "म्हाईत हाय आमास्नी. समोरच हाय."

सुभेदार बोर्डाकडे बघत राहिले. त्यांना कुंपणावरचे वीरधवल आठवले, आणि त्या क्षणी त्यांना वीरधवलांचा जितका राग आला तितका आयुष्यात शत्रूचाही आला नव्हता.

सभा पुन्हा बसली. सुभेदार मात्र बसले नाहीत. ते आपल्या जागी सावधान उभे राहिले. भाऊसोंनी घसा साफ केला. "ऱ्हाऊ द्या आता, सुभेदार. तुमी आपलं घरचं माणूस. बोर्ड जुना, त्याला तुमी काय करणार."

"ठराव हाय, सायेब," सुभेदार म्हणाले. मग ते रंगूबाईंकडे वळले. "अक्का, चूक माझी हाय. साडेपाच म्हैनं तुमच्या बाया माझ्यापायी ताटकळल्या, आन् वरनं मी तुमास्नीच दोषी धरलं. मी माफी मागतो. औंधचं केंद्र बंद हुणार न्हाई. बंद करायचं झालं तर ठरावापरमानं कराड बंद करावं लागंल."

कराड बंद करावं यावर कोणाची हरकत आली नाही, पण अनुमोदनही आलं नाही, आणि तो भाग तिथेच राहिला. बॅटरीच्या अर्जावर भाऊसोंनी गुडघ्यावर कागद ठेवून तिथल्या तिथे सही केली.

रंगूबाईंनी पदराखालून पिशवी काढली आणि टेबलावर एक पितळेचं निरंजन ठेवलं. ते त्या घरून निघतानाच घेऊन आल्या होत्या. "माफीच मागाय लागली असती तर बारशाला बगितल्याल्या दिव्याचं नाव घ्यायचं ठरवलंच हुतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, घरचं माणूस हाय. आधी फॅट बगू, मग दुधाला नाव ठेवू. दाजी, देवीला तेलाची वात चालती. तिला पिन लागत न्हाई."

म्हणजे दिव्याचा संशय त्यांना आधीपासून होता. सुभेदारांनी निरंजन दोन्ही हातांनी उचलून घेतलं.

भाग्यश्रीबाई इतिवृत्त लिहीत होत्या. त्यांनी पेन थांबवलं आणि हळूच विचारलं, "सर, इथे 'मुख्य केंद्रातील तांत्रिक कारणामुळे' असं लिहू का? की यंत्राचा नंबर टाकू?"

सुभेदारांनी वीस आकड्यांचा तो नंबर मनात आठवून पाहिला. सगळा पाठ होता. जगात तो वाचून कोणाला काही कळलं नसतं.

"न्हाई," ते म्हणाले. "नाव लिवा. नाथाजी मांढरे, कराड."